ऑपरेटरबाईंची मोजणी

एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या बाईला आपल्या कानांचा तोरा असणारच. पलीकडच्या माणसाने नुसतं खाकरलं तरी तो कोण हे त्यांना कळायचं, असं त्यांच्या सोबतच्या बायका सांगत, आणि त्या ते कधी खोडून काढत नसत. निवृत्त झाल्या तेव्हा वय अठ्ठावन्न. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण नवरा गेल्यावर शिलाईमशीन घेऊन त्यांच्याकडे राहायला आली होती; दोन खोल्या, एक गॅलरी आणि दोघी बहिणी, एवढाच संसार.

घरी बसून महिनाभरातच त्यांना भिंती खायला उठल्या. वाचनालयाच्या फलकावर एक कागद दिसला: तळ्याकाठच्या निसर्ग केंद्राला पक्षी मोजायला स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही. त्या गेल्या. केंद्राचे प्रमुख शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सरच म्हणत. सरांनी त्यांना झाडीत उभं केलं आणि विचारलं, "काय काय ऐकू येतंय?" बाईंना एकाही पक्ष्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण सात वेगवेगळे आवाज त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. सरांना पाचच आले होते. त्या दिवसापासून त्या केंद्राच्या ऑपरेटरबाई झाल्या.

काम सोपं दिसायचं आणि जीव काढायचं. दर दुसऱ्या रविवारी सकाळी तळ्याच्या पश्चिमेच्या गवताळ पट्ट्यात पाच खुंट्यांपाशी पाच-पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. जो दिसेल, जो ऐकू येईल, तो तक्त्यात लिहायचा. खोकला आला तरी गिळायचा. कंबरभर गवतात पक्षी दिसतो कुठला! सगळी भिस्त कानांवर. म्हणून पश्चिमेचा पट्टा बाईंचा, हे न बोलता ठरून गेलं.

त्या पट्ट्यात वटवट्या राहायचा. अंगठ्याएवढा, मातकट, दोन नाण्यांएवढंही वजन नसेल अशा अंगाचा. गवतावरून उसळ्या मारत उडायचा आणि प्रत्येक उसळीला एक बारीक, धारदार चिवकार सोडायचा, जणू कुणी नव्या कापडात कात्री चालवतंय. बाईंचा जीव त्याच्यावर जडला. पहिल्या वर्षी त्यांनी विणीच्या दिवसांत एका सकाळी एकोणीस मोजले. घरी येऊन बहिणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बघितलेस किती?"

"दोन."

"म्हणजे बाकीच्या सतरा जणांना तू नुसत्या आवाजावर नोकरी दिलीस!"

सहा वर्षं आकडा सोळा-सतराच्या खाली उतरला नाही. सातव्या वर्षी अकरा झाले. मग सात. मग तीन. बाई पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं उभ्या राहू लागल्या, श्वास रोखून. तीनचा एक झाला. अकराव्या वर्षी संपूर्ण हंगामात त्या रकान्यात शून्याखेरीज काही पडलं नाही. शेवटच्या रविवारी तक्ता भरून झाल्यावर त्या खुंटीपाशी गवतातच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. एखाद्या ओळखीच्या घराला कुलूप लागावं तसं त्यांना झालं होतं.

केंद्राचा माळी पाइप गुंडाळत तिकडून चालला होता. त्याने विचारलं, "काय झालं बाई?"

"वटवटे संपले हो."

माळी थांबला. "संपले कुठे? सकाळी कलकलाट असतो की त्यांचा."

बाई उठल्या, साडी झटकली. "तुम्ही ऐकता ते दुसरं काही असेल. मी दहा वर्षं त्यांना ओळखते."

माळ्याने मान डोलावली आणि पाइप खांद्यावर टाकून निघून गेला. अकरा वर्षांत कुणी बाईंचा आकडा तपासला नव्हता, तिथे माळ्याचं कोण मनावर घेणार?

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेचं पत्र आलं. तळ्याभोवती फिरायला फरसबंद वाट आणि गाड्या लावायला जागा करायची होती. पूर्वेला की पश्चिमेला, यावर केंद्राचं मत मागितलं होतं. सरांनी कपाटातून सगळे तक्ते काढले. पूर्वेच्या झाडीत बगळ्यांची घरटी होती. पश्चिमेला? सरांनी बाईंना बोलावून विचारलं.

"माझं मन नाही म्हणतं," बाई म्हणाल्या. "पण कागदावर बघाल तर आता तिथे राखायचं कुणासाठी?"

सरांनी तसं लिहून दिलं. वाट पश्चिमेला ठरली. गवत कापणारं यंत्र आलं ते ऐन विणीच्या महिन्यात. चार दिवसांत पट्टा तळहातासारखा सपाट झाला. बाई त्या रविवारी गेल्याच नाहीत. बघवणार नाही, म्हणाल्या.

पावसाळा उलटल्यावर केंद्रात एक संशोधक मुलगी आली. नाकतोड्यांवर तिचा अभ्यास चालला होता, आणि त्यासाठी तिने आदल्या दोन वर्षांत तळ्याभोवतीच्या खुंट्यांना आवाज टिपणारी छोटी यंत्रं बांधून ठेवली होती. महिन्यातून एकदा यायची, सेल बदलायची, जायची. आता ती सगळं ऐकायला बसली होती. एका सकाळी तिने बाईंना आत बोलावलं. सरही होते, खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"बाई, जरा हे ऐकाल?"

बाईंनी कानांवर हेडफोन चढवले. इतक्या वर्षांनी डोक्याला ती पट्टी लागली तेव्हा त्यांना बरंच वाटलं. पडद्यावर काळ्या रेघा सरकत होत्या. "पाणकोंबडी," त्या म्हणाल्या. "मागे बुलबुल. लांब कुणीतरी गाडी सुरू केली."

"आणि?"

"आणि काही नाही."

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. वरच्या बाजूला, अगदी माथ्याशी, जिथे उंच पट्टीचे आवाज दिसतात तिथे, बारीक टाचण्यांची ओळ उमटत होती. एक, एक, एक. "हे सगळे वटवटे आहेत बाई. पश्चिमेची तिसरी खुंटी. गवत कापायच्या आदल्या आठवड्यातलं आहे. मी मोजले. निदान चौदा असावेत."

बाईंनी हेडफोन घट्ट दाबून धरले. टाचण्या सरकत राहिल्या आणि कानात पाणकोंबडी तेवढी ओरडत राहिली. "आवाज वाढव," त्या म्हणाल्या. मुलीने वाढवला. बुलबुल मोठा झाला. "अजून."

"बाई, वाढवून उपयोग नाही," सर वळून हळूच म्हणाले, आणि तेही बाईंना त्यांच्या ओठांवरून कळलं.

मुलीने मग दुसरा उपाय केला. तेच ध्वनिमुद्रण तिने मंद करून, आवाज खाली उतरवून लावलं. आता काहीतरी ऐकू आलं. जाडसर, रेंगाळणारं, कुणी ओलं दार ढकलावं तसं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. "हा तो नव्हे," त्या म्हणाल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

घरी गेल्या तेव्हा बहीण ब्लाऊजला हुक लावत होती. बाईंनी चप्पलही काढली नाही. दारातूनच विचारलं, "मला कमी ऐकू येतं, हे तुला ठाऊक होतं?"

बहिणीने सुई टोचून ठेवली. उठून समोर आली, तोंडासमोर तोंड आणलं, मग बोलली. ती नेहमी असंच करायची, हे बाईंच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. "चार-पाच वर्षं झाली, ताई. बारीक आवाज कळत नाही तुला. कुकरची शिट्टी, दाराची बेल. मी घसा जाड करून बोलते."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगू? तुझ्याजवळ दुसरं काय होतं मिरवायला?"

असं कुणी कुणाला बोलू नये. बहिणीच्याही ते ध्यानात आलं, तिचे डोळे भरले. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन पंखा लावून पडल्या. दोन दिवस दोघी जेवणापुरत्याच बोलल्या.

कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाचं आहे, वरच्या पट्टीतलं गेलंय, परत येणार नाही. यंत्र दिलं. त्यातून भांडी आणि रस्ता असा आदळायचा की बाई ते काढून डबीत ठेवत.

केंद्राची वार्षिक बैठक आली. सरांनी ठरवलं होतं की अहवालात "मोजणीतील त्रुटी" एवढंच लिहायचं. बाई उभ्या राहिल्या. हातात तक्त्यांचा गठ्ठा होता. "त्रुटी वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या. "वटवटे होते, मी ते नाहीत असं लिहिलं. माळीदादांनी मला सांगितलं होतं, मी त्यांना गप्प केलं. शेवटच्या पाच वर्षांचे माझे आकडे धरू नका."

"सही माझी होती," सर म्हणाले. एकीने पाण्याचा पेला पुढे केला. दाराशी उभा असलेला माळी बैठक मोडल्यावर बाईंपाशी आला. बाईंनी हात जोडले. त्याने ते खाली केले. "मी तरी पुन्हा कुठे बोललो, बाई? दोनदा सांगायला हवं होतं."

सरांनी नगरपालिकेला दुसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं की काम पूर्ण झालेलं आहे. वाटेच्या कडेने शोभेची झुडपं लावली गेली, बाकं बसली, संध्याकाळी माणसं फिरू लागली. संशोधक मुलीने तिसऱ्या खुंटीच्या जागी विजेच्या खांबाला यंत्र बांधून दोन हंगाम ऐकलं. पडद्याचा माथा कोरा राहिला. वटवटे दुसरीकडे गेले असतील, ती म्हणाली. बाईंनी विचारलं, "जवळपास असं गवत आहे कुठे?" मुलीने खोटं सांगितलं नाही.

केंद्र सोडायचं त्यांच्या मनात होतं. सरांनी सोडू दिलं नाही, की त्यांनाच सोडवलं नाही, कोण जाणे. आता त्या महिन्यातून दोनदा तळ्यावर नावेत बसतात. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडतात, ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचून खोली लिहितात. पाणी किती गढूळ झालंय ते त्यावरून कळतं. नाव माळी वल्हवतो. दोघांत फारसं बोलणं होत नाही. थाळी दिसेनाशी झाली की बाई त्यालाही वाकून बघायला लावतात, आणि तो "गेली" म्हणेपर्यंत आकडा लिहीत नाहीत. डोळे त्या दर सहा महिन्यांनी तपासून घेतात, आणि डॉक्टरांचा कागद न विचारता सरांच्या टेबलावर नेऊन ठेवतात.