उशिरा आलेल्यांचं टेबल

आमच्या ऑफिसात डबे खायच्या खोलीत दोन गोष्टी साचत जातात. कुणाचे तरी राहून गेलेले चमचे, आणि किस्से. चमचे दिवाळीच्या साफसफाईत निघतात. किस्से मात्र कुणी टाकून देत नाही.

गुजरातेत, मकरपुऱ्यात पंप बनवणारी आमची छोटी कंपनी. टेबलावर चौघं. डिस्पॅचचे शिर्केकाका, सेल्सच्या हेतलबेन, नागपूरहून नुकतीच आलेली पल्लवी, आणि मी. घरी मराठी, ऑफिसात गुजराती, दिल्लीहून आलेल्या साहेबांपुढे इंग्लिश, आणि भांडण झालं की हिंदी!

*

माझ्यापासूनच सुरू करते. मी समा भागात राहते. एका पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली आणि उतरताना आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मगर ठेवून गेली.

मी साहेबांना फोन केला. "सर, यायला उशीर होईल. गेटवर मगर आहे."

साहेब नवीनच होते. म्हणाले, "मॅडम, ट्रॅफिक म्हणालात तरी चाललं असतं."

मी फोटो पाठवला. लगेच फोन आला. "ती कधी उठेल?"

"विचारायला कुणी पुढे जात नाहीये, सर."

शेवटी मगरी पकडणारे दोघं आले. त्यांनी तिचं तोंड बांधलं आणि तिला स्कूटरवर दोघांच्या मध्ये आडवी घेऊन निघाले. माझ्या स्कूटरमध्ये पाणी शिरलेलं. मगर स्कूटरवरून गेली, मी चालत!

*

शिर्केकाका पाणीगेटजवळ राहतात. एकदा ते ऑफिसला निघाले आणि गल्लीतच एका वरातीत सापडले. पुढे बँड, मागे बायका. स्कूटर हलेना. कुणीतरी त्यांना नवरीकडचं समजून डोक्यावर फेटा बांधला, पेढा भरवला आणि नवऱ्यामुलाला मिठी मारायला लावली.

काका फेट्यासकट ऑफिसात आले. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "शिर्के, काय हे?"

काका शांतपणे म्हणाले, "मुलगा चांगला आहे, सर. काळजी नाही."

*

हेतलबेन गाडी शिकल्या ती पन्नाशीत. मिस्टरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि त्यांना फिजिओथेरपीला कोण नेणार, हा प्रश्न होता. त्यामुळे त्यांच्या शिकण्याला आम्ही कधी हसलो नाही. फक्त एकदा हसलो.

पहिल्यांदाच त्या स्वतः गाडी चालवत ऑफिसला येत होत्या. शेजारी सोबतीला सासूबाई. कंपनीजवळच्या सर्कलला गाडी शिरली, पण बाहेर पडायला कुणी जागाच देईना. सासूबाईंनी काकांना फोन लावला.

"माँजी, सर्कलच्या कोणत्या बाजूला आहात?" काकांनी विचारलं.

"सगळ्या!" सासूबाई म्हणाल्या.

काका छत्री घेऊन चालत गेले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि छत्री उघडून ट्रक थांबवला. गाडी बाहेर पडली. हेतलबेन ऑफिसात येऊन पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उद्या परत येणार." आल्याही.

*

पल्लवीचा पहिलाच आठवडा. हेतलबेनना सर्दी झालेली, नाक लाल, डोळ्यांतून पाणी. उंधियूवाल्याकडे फोनवर ऑर्डर विचारत होत्या. त्यानं सांगितलं, सगळं संपलं. त्या म्हणाल्या, "पती गयुं? सवारे ज पती गयुं?"

गुजरातीत 'पती गयुं' म्हणजे संपलं, 'सवारे ज' म्हणजे सकाळीच. हे पल्लवीला कसं कळावं? ती धावत साहेबांकडे गेली. त्यांना तर गुजरातीचा गंधच नाही. पाच मिनिटांत सगळं ऑफिस माना खाली घालून उभं. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि साहेब उभे आहेत म्हटल्यावर विचारणार कोण!

हेतलबेन खोलीतून बाहेर आल्या आणि त्याही मान खाली घालून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. जरा वेळानं हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पल्लवीला रडू आवरेना. "तुमचे मिस्टर!"

त्या खुर्चीत बसल्या. मिस्टरांचा नंबर मी लावून दिला. मिस्टर फोनवर 'हॅलो' म्हणाले आणि हेतलबेन आधी रडल्या, मग त्यांना खूप रागावल्या. त्या दिवशी साहेबांनी त्यांना लवकर घरी पाठवलं.

*

आणि हा शिर्केकाकांचा. त्यांनी एकदाच सांगितला.

काकूंचं हार्टचं ऑपरेशन होतं. ऐन वेळी डॉक्टरांनी एक इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नव्हतं. मुलीला वर थांबवून काका धावत पार्किंगमध्ये आले, करड्या स्कूटरला किल्ली लावली आणि निघाले. तिसऱ्या दुकानात इंजेक्शन मिळालं. पिशवी अडकवायला गेले तर समोर अंबामातेचं स्टिकर. स्कूटर त्यांची नव्हतीच! झिजलेली किल्ली, झिजलेलं कुलूप, लागून गेली होती.

परत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या स्कूटरला टेकून एक चाळिशीचा माणूस उभा होता. काकांनी हात जोडले. "भाई, माफ करा, घाईत..."

"आधी औषध वर देऊन या," तो म्हणाला.

काका वर गेले. काकूंना आत नेलं. मग खाली जायचं काकांना भानच राहिलं नाही. थोड्या वेळानं तोच माणूस तीन चहा घेऊन वर आला, एक मुलीला दिला, एक काकांना, आणि बाकावर शेजारी बसला. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालं. त्या माणसानंच काकांना धरून बसवलं.

तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं. "माझ्यापायी तुमचा सगळा दिवस गेला. तुमचं कोण आहे इथे?"

त्यानं बाकाखालचे रिकामे कप उचलले.

"आई होती. सोमवारी गेली. तिची गोधडी राहिली होती, ती न्यायला आलो होतो."