खोर्शेनची त्र्याऐंशी घरं

आमची सरपंच पाकिझे मुळात तापट नव्हती. तालुक्याच्या कचेरीनं तिला तसं करून सोडलं.

त्या वसंतात कचेरीतून कागद आला : गावाची लोकसंख्या आजवर कशी वाढली-घटली, ते लिहून पाठवा. पाकिझेनं लिहिलं, आज चौदा माणसं, सगळी साठीपुढची. पोरं इस्तंबूलला, काही जर्मनीला. १९२४ साली तुर्कस्तान-ग्रीसमधल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत ग्रीसहून एकतीस कुटुंबं आली, त्यातलंच एक तिच्या आजोबांचं. त्याआधी गावाचं नाव खोर्शेन, वस्ती आर्मेनियन.

कागद परत आला. वर शेरा : 'गाव १९२४ साली वसले, एवढेच लिहावे.'

"वसले म्हणे!" ती माझ्या अंगणात येऊन कडाडली. मी शेजारीण, त्यामुळे पहिला भडका नेहमी माझ्याच वाट्याला. "माझी आजी बैलगाडीतून उतरली तेव्हा घरात चूल होती, कोनाड्यात लहान मुलाचा एक बूट होता. नऊ वर्षं रिकामं पडलेलं घर. ते काय आभाळातून पडलं होतं?"

तिनं तोच मजकूर पुन्हा धाडला. पुन्हा परत. या वेळी शेरा : 'आकडा नाही, आधार नाही.'

"आकडा हवाय? देते आकडा!"

पलीकडच्या कुर्द वस्तीत काझिमकाका राहतात, वय एक्याण्णव. त्यांचे वडील पोरसवदा असताना खोर्शेनची मेंढरं राखायचे आणि संध्याकाळी घरोघरी पोचवायचे. कोणाची किती, कोणाचं दार कुठे, हे त्यांनी मुलाला तोंडपाठ करून दिलेलं. पाकिझे चार दिवस त्यांच्यापाशी वही घेऊन बसली. आमच्या शेतांना अजून त्याच लोकांची नावं आहेत : मेल्कोनचा उतार, वार्तुहीचं खळं, हाम्पारची तुती. नाव आणि दार जुळवत जुळवत त्र्याऐंशी घरं झाली. तो आकडा घालून तिनं कागद पुन्हा धाडला.

तिचा दीर राशित भडकला. "वहिनी, आवर आता. उद्या त्यांची नातवंडं जमीन मागायला येतील."

"येऊ देत की! तुझी नातवंडं तर सणालाही फिरकत नाहीत. निदान कोणीतरी येईल."

राशितनं तिच्याकडचा चहा सोडला. दोन महिने रस्त्यात दिसली तरी मान फिरवायचा.

तिसऱ्यांदा कागद परत आला तेव्हा पाकिझे सकाळच्या बसनं स्वतःच तालुक्याला गेली. मलाही ओढून नेलं. टेबलामागे एक तरुण कारकून होता.

"ताई, १९२४ च्या आधीचा रकानाच नाहीये."

"मागची बाजू कोरी आहे ना? तिथे लिही."

त्यानं सुस्कारा सोडून लिहिलं. मग पेन थांबलं. "हे लोक गेले कुठे, म्हणून लिहू?"

"मला विचारतोस? कचेरी तुझी."

त्यानं खाली बघत 'अज्ञात' असं लिहिलं. पाकिझेनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं : '१९१५ साली शिपायांनी नेले. परत आले नाहीत.' जेवणाची सुट्टी झाली, कचेरी रिकामी झाली, बाई खुर्चीवरून हलेना. शेवटी त्या बिचाऱ्यानं भूक लागली म्हणून शिक्का मारला.

परतताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि मी बघतेय म्हणून माझ्यावरच खेकसली.

आठवड्यानं राशित पाकिझेच्या दारात उभा. आत येईना.

"दोन घरं मोजायची राहिली तुझी," तो चपलांकडे बघत म्हणाला. "ओढ्यापलीकडे. एक लोहाराचं, एक त्याच्या विधवा बहिणीचं. आमच्या आजोबांनी तिथलेच दगड आणून गोठा बांधला."

पाकिझेनं कपाळावर हात मारला. "आता सांगतोस? शिक्का बसल्यावर? दोन महिने तोंड शिवलं होतं का तुझं?"

"वहिनी, लाज वाटत होती."

तिनं वही काढून ती दोन घरं लिहून घेतली. मग मला हाक मारून म्हणाली, "सोमवारची बस किती वाजता आहे गं?"