पोराच्या तीन कुस्त्या

पोरगं चार वर्षांचं असताना त्याची आई गेली. मी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, असं उंब्रजची माणसं अजून म्हणतात. मला ते ऐकवत नाही. लाज वाटते.

महायुद्धाचे दिवस होते, रॉकेलसुद्धा मोजून मिळायचं. पोरगं बारा वर्षांचं झालं आणि तालमीत जायला लागलं. जत्रेत त्याची पहिली कुस्ती ठरली ती शेजारच्या गावच्या पोराशी. ते पोर अंगानं चांगलंच दणकट. आपलं पोरगं आपटलं, लोक हसले, तर पदरात घ्यायला आईसुद्धा नाही त्याला! आदल्या दिवशी आमच्याच गुऱ्हाळातली गुळाची ढेप घेऊन मी त्या पोराच्या बापाकडं गेलो. म्हणालो, "आवं, येवढ्या येळी तुमच्या पोराला पडाय सांगा." तो हसला. पोर पडलं. माझ्या पोराला फेटा बांधला, हलगी कडाडली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होतो. काय म्हणावं या निर्लज्जपणाला!

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पोर दुसरं, ढेप दुसरी.

मग वस्तादांनी त्याला सांगलीला कुस्तीला नेलं. तिथं माझ्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. कुणाच्या दारात ढेप ठेवणार? जीव मुठीत धरून बसलो. आणि माझ्या गड्यानं मिरजेच्या पोराला उचलून असं टाकलं, की त्याची पाठ मातीला लागल्याचा आवाज मला बसल्या जागी आला. पोरगं खरंच तयार झालं होतं. माझ्याच ते ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या जत्रेत पहिल्या वर्षीचं ते दणकट पोर पुन्हा समोर आलं. या वेळी मी काही केलं नव्हतं, शपथ! गरजच वाटली नाही. दोघांनी हात मिळवले, आणि ते पोर माझ्या पोराच्या कानाशी हसत काहीतरी बोललं. माझं पोरगं हात सोडून सरळ माझ्याकडं आलं. हलगी वाजतच होती.

"आबा, तुमी ह्याच्या बाला गूळ दिलता व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवली.

"दुसऱ्या वर्साला बी?"

"व्हय." मग घाईघाईनं म्हणालो, "पर सांगलीची खरी हाय रं बाळा. लय खरी. तुज्या ताकदीनं पाडलंस तू त्याला."

तो रडला नाही, चिडलाही नाही.

"तिथं काय दिलतं?"

मी त्याच्या आईची शपथ घेतली. तोवर त्यानं सदरा अंगात घातला होता. पुन्हा तो कधी आखाड्यात उतरला नाही.