मामीच्या तळहातावरचा शंख
बुऱ्हाणपूरच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला की मुंबईच्या किनाऱ्यावरची एक ओहोटी आठवते. खडकांतल्या उथळ डबक्यात तापीकाठच्या दापोरा गावच्या माझ्या मामीला एक शंख सापडला आणि देवघरात ठेवायला तिने तो रुमालात बांधला. तिथल्या समुद्रजीवांची राखण करणाऱ्या मुलीने तिला अडवले. "मावशी, आत खेकडा आहे, जिवंत." मामी हटेना. "मंग आमच्या तापीत सोडते. ती बी समुद्रालेच मिळते ना!" मुलगी हसली. "तापीचं पाणी गोडं, मावशी. तिथे हा मरेल. हातावर घ्या, हात पाण्यात धरा आणि हलू नका." मामीने तसे केले. बऱ्याच वेळाने शंखातून केसाएवढ्या मिशा आल्या, मग नारिंगी पाय, शेवटी देठांवरचे दोन काळे डोळे. शंख पाठीवर ओढत खेकडा तिच्या बोटांवरून उतरला आणि खडकाखाली गेला. मामी श्वास रोखून होती. "बाई गं, मी तर याचं घरच घेऊन चालली होती!" समुद्रावरून काय आणलं, असे कोणी विचारले की ती आजही रिकामा तळहात पुढे करून म्हणते, "इथून चालला तो." विचारणारे वाकून पाहतात. तेव्हा शेजारी असलेला मीही वाकतो.