सुई कधी सुटेल?

हॉर्मोनच्या डॉक्टरकडे सिस्टर म्हणून नोकरी करा, किस्से आपोआप साठतात. धुळ्याला मॅडमचा दवाखाना, दर गुरुवारी जळगावला व्हिजिट. दोन्हीकडे मी सोबत. मैत्रिणी विचारतात, "अगं, हॉर्मोन म्हणजे नक्की काय?" मी सांगते, गळ्यातल्या, पोटातल्या, मेंदूखालच्या ग्रंथी रक्तात थेंबभर काहीतरी सोडतात आणि त्या थेंबावर अख्खा माणूस चालतो. थेंब चुकला की माणूस चुकतो. आणि गोळी-सुईनं गाडी रुळावर आली की पेशंटला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे औषध बंद करणं! जाईन तिथे हेच ऐकते, म्हणून डोकं फिरतं माझं.

* * *

मुक्ताईनगरकडचे एक नाना, केळीचे मोठे बागायतदार. इन्सुलिन नियमानं घ्यायचे, तरी शुगर खाली यायला तयार नाही. मॅडमनी डोस वाढवला, पथ्य तपासलं, शेवटी विचारलं, "नाना, बाटली ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये. वरच्या बर्फाच्या कप्प्यात. एकदम कडक गार!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. गोठलं की इन्सुलिन कामातून जातं. "नाना, केळी ठेवाल का अशी बर्फात?"

"छे! काळी पडतात ना!"

"मग हे कसं ठेवलंत?"

नाना शांतपणे म्हणाले, "हे काळं पडलं नाही ना, मॅडम. म्हणून म्हटलं चांगलं आहे."

* * *

पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यावरून मंगलबाई यायच्या, शाळकरी गौरीला घेऊन. गौरीच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं. रोज सुई, जेवणाआधी. पोरगी स्वतः टोचून घ्यायची, आणि मी कौतुक केलं की म्हणायची, "सिस्टर, तुमचीच सुई जास्त दुखते!"

घरी फ्रिज नाही. मॅडमनी माठाची युक्ती शिकवली: माठात ओली वाळू, त्यावर डबी, डबीत बाटली. मंगलबाईंनी तो माठ देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता.

दर वेळी त्यांचा एकच प्रश्न. "मॅडम, सुई कधी सुटी?"

"सुटणार नाही, मंगलबाई. सुई आहे तोवर गौरी आहे."

त्या मान डोलवायच्या. पण पटलेलं नव्हतं. एकदा मी चहा मागवला, तर म्हणाल्या, "मना चहामा साखर नको, ताई. नवस शे. पोरनी सुई सुटी जावो, मंग मी साखर खासू."

मी हसून म्हटलं, "शुगर लेकीला आणि पथ्य आईला!" त्याही हसल्या. तेव्हापासून त्या आल्या की मी चहावाल्याला ओरडून सांगायची, "एक बिनसाखरेचा!"

* * *

बोदवडचे आबा. गुडघेदुखीवर कुठल्याशा बाबाची पुडी घ्यायचे. दुखणं पळालं, चेहरा गोल गरगरीत झाला. गाव म्हणालं, "आबांना म्हातारपण मानवलं!"

मॅडमनी बघताक्षणी ओळखलं. पुडीत स्टिरॉइड. वर्षानुवर्षं बाहेरून मिळतंय म्हटल्यावर किडनीवरच्या ग्रंथींनी आपलं काम सोडून दिलेलं. मॅडमनी मुलाला बजावलं, "एकदम बंद करायचं नाही. मी देते त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या."

मुलगा तापट. घरी गेला आणि पुड्या, गोळ्या सगळं गटारात फेकलं. आबा आडवे झाले, बीपी लागेना. जळगावच्या आयसीयूत कसेबसे वाचले. शुद्धीवर आल्यावर मुलाकडे बघून म्हणाले, "त्या पुडीवाल्या चोरानं मला चालवलं, आणि तू रे? घरचा असून पाडलंस!"



* * *

धुळ्यातलीच एक नवी नवरी. थायरॉइडची गोळी चालू होती, लग्न ठरलं तशी आईबापांनी बंद केली. सासरी कळलं तर? पोरगी सुजली, आवाज बसला, बसल्या जागी पेंगायला लागली. सासू तिला घेऊन आली आणि माझ्यासमोर तिचा उद्धार. "आळशी शे! बठ्ठा दिन झोपस!"

मॅडमनी रिपोर्ट पाहून गोळी लिहिली. आयुष्यभराची. सासूनं सुनेला बाहेर पाठवलं. मला वाटलं, आता मोडतेय हिचा संसार. बाईनं दार लोटलं, पिशवीच्या तळातून तीच गोळी काढली आणि हळूच विचारलं, "मॅडम, मनी पावर वाढावनी शे का? घरमा कोणले माहीत नही."

* * *

श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला सगळे भाऊबंद एका घरात जमतात. गौरीच्या घरीही जमले होते. त्यातच तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या, अन्न जाईना. मंगलबाई सुई भरायला उठल्या, तर चुलतसासू म्हणाली, "पोटमा काहीच नही, सुई कसाले? पोर मरी जाई!"

आजारपणात सुई थांबवायची नाही, हे मॅडमनी मंगलबाईंकडून वदवून घेतलं होतं. त्यांनी तसं सांगितलंही. पण घरभर मोठी माणसं, आणि सगळ्यांना चुलतसासूचंच पटलं. सुई दिलीच नाही. मला त्या घराचा राग आला. अजून येतो.

धुळ्याला आणली तेव्हा गौरी जोरजोरात श्वास घेत होती, तोंडाला पिकल्या फळांसारखा वास. मॅडम तिच्या पलंगापासून हलल्या नाहीत. गौरी गेली.

दिवसकार्य झाल्यावर मंगलबाई एकट्याच आल्या. मांडीवर तो माठ. एसटीत वाटेत दोनदा वाळू ओली केली, म्हणाल्या. डबीत उरलेल्या बाटल्या होत्या, गारेगार. "दुसरं कोनं लेकरू व्हई तर त्याले द्या."

मी माठ घेतला. दारात जाऊन चहावाल्याला हाक मारली. तोंडातून सवयीनं निघालं, "एक बिनसाखरेचा!"

"नही ताई," मंगलबाई मागून म्हणाल्या. "साखर टाका. पोरनी सुई सुटी गयी."