पायातला ब्रेक

बाबा माझ्या सहा वर्षांच्या मुलीला नव्या स्कूटरवरून शाळेतून आणत होते. प्रताप नगरच्या वळणावर कुत्रं आडवं आलं आणि गाडी न थांबता उसाच्या रसाच्या हातगाडीवर जाऊन आदळली. पोरीचा गुडघा सोलवटला, तेवढ्यावर भागलं. फोन आला तशी मी झोपेतून उठून धावले. तिथे पोहोचले आणि माझं तोंड सुटलं.

"बाबा, ब्रेक काहून नाही दाबला तुम्ही?"

"दाबला ना वं! जोरात दाबला."

दाबला होता, पण पायाने. या नव्या गाडीचे दोन्ही ब्रेक हातात आहेत. बाबांनी तीस वर्षं हातमागावर बसून पायांनी पट्ट्या दाबल्या, पुढे पायब्रेकची जुनी स्कूटर चालवली. जीव घाबरला की त्यांचा पायच आधी पळतो. दचकून पाय दाबला तो नुसत्या पत्र्यावर.

मला मात्र एकच उत्तर हवं होतं: वय झालं, हात मंदावले. ते सिद्ध करायला घरी येऊन मी पोरीची मोजपट्टी बाबांच्या बोटांमध्ये उभी धरली आणि अचानक सोडली. बाबांनी ती चुटकीसरशी पकडली.

"आता तू पकड."

पट्टी माझ्या बोटांमधून निसटून फरशीवर पडली. पुन्हा तेच. बुटीबोरीच्या कारखान्यात माझी रात्रपाळी, दिवसाची झोप नावालाच, त्यात सर्दीची गोळी. पण रागावलेल्या माणसाची चूक कधी असते का? गाडीची किल्ली मीच ठेवून घेतली.

सोमवारी पाळी सुटल्यावर घरी आले आणि तोंडावर पाणी मारून पोरीला शाळेत सोडायला निघाले. बाबा फाटकाशी उभे होते. चौकात लाल दिवा होता म्हणून मी थांबले. मग मागून हॉर्नचा गलका, आणि पोर माझ्या पाठीवर थापट्या मारतेय.

"आई, हिरवा कधीचाच झाला! तू झोपून राहिली काय?"

माझे डोळे उघडे होते. मी दिव्याकडेच बघत होते. मधला वेळ कुठे गेला, मला सांगता येईना. गाडी कशीबशी कडेला घेतली.

"चाल ना, घंटा होईल," म्हणत तिने माझ्या पोटाभोवती हात आवळले. मला गाडी पुढे न्यायची भीती वाटत होती.