कुकरला लावलेला बोल्ट

भोपाळच्या कारखान्यात मी बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचो. घरच्या कुकरचा व्हॉल्व्ह मात्र सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी मी स्वतःच एक बोल्ट आवळून बसवला होता.

बायको तापाने फणफणली होती, दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. जेवणाच्या सुट्टीत क्वार्टरवर येऊन मी झटपट सूप करायला घेतलं. कालचं घट्ट वरण, चार टोमॅटो, आलं, सगळं कुकरात कोंबलं आणि गॅस मोठा केला. शिट्टी काही होईना.

"अहो, गॅस बंद करा," ती खोलीतून म्हणाली.

"आता तू मला प्रेशर शिकवणार?" असं म्हणत मी खोलीत गेलो, तोच स्फोट झाला. झाकणाने ओट्याची फरशी फोडली आणि खिडकीची जाळी फाडून ते बाहेर गेलं. शेगडी वाकली. मी धावलो, तर छताला चिकटलेलं उकळतं वरण थेट मानेवर पडलं. मी गुरासारखा ओरडलो.

ती भिंत धरत आली, तिने गॅस बंद केला आणि माझी मान नळाखाली दाबून धरली. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच म्हणाली, "भूक लागलीय. शेजारच्या भाभींकडून खिचडी मागून आणा. आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगा."